रिकामं खोकं सांभाळण्याची कृती

महाराष्ट्रात 'खोकं' हा शब्द हल्ली जपून उच्चारावा लागतो. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे मुंबईचं जुनं कोष्टक 2022 च्या सत्तांतरानंतर शाळकरी पोरांनाही पाठ झालं. तेव्हा आधीच सांगून टाकतो. या लेखातली खोकी पुठ्ठ्याची आहेत, रिकामी आहेत आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात माझ्या घराच्या तळघरात आहेत. एकूण सतरा. त्यांत एकेकाळी रिव्हॉल्व्हरं होती. आता त्यांत हवा आहे, पण ती हवासुद्धा मी मोजूनमापून ठेवतो. ती कशी, हे नवशिक्यांना समजावं म्हणून हा प्रपंच.

आमचं घर हार्टफर्डजवळ. हमरस्त्यावरून शहरात शिरताना सोनेरी चांदण्यांचा एक निळा घुमट दिसतो, थेट कांद्यासारखा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, रशियन चर्च असावं. तो निघाला सॅम्युएल कोल्टचा बंदुकांचा जुना कारखाना. कोल्ट 1862 साली वारला, पण या भागात अजून कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी मावशी त्या कारखान्यात कामाला होती असं कानावर येतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्याची हद्द ओलांडताच स्प्रिंगफील्ड लागतं, तिथे स्मिथ अँड वेसन वाढली. खाली समुद्राकडे न्यू हेवन, ते विंचेस्टरचं गाव. म्हणजे सोलापुरात राहून चादरींबद्दल काही माहीत नाही असं म्हणणं जितकं अवघड, तितकंच इथे राहून बंदुकांबद्दल.

आता छंदाची ओळख. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी इथल्या केंद्र सरकारचा वेगळा परवाना असतो. ज्या हत्याराला पन्नास वर्षं उलटली ते सर्वसाधारणपणे 'क्युरिओ अँड रेलिक' म्हणजे अजबखान्यातलं ठरतं. (या हिशेबाने मीही केव्हाच त्यात बसलो.) नवशिक्याला वाटतं, हा छंद बंदुकांचा. पहिली एकदोन वर्षं तो तसा असतोही. मग एखाद्या प्रदर्शनात एकाच टेबलावर एकाच वर्षाची, सारख्याच निळ्याशार झळाळीची दोन रिव्हॉल्व्हरं दिसतात आणि एकाची किंमत दुसऱ्यापेक्षा काहीशे डॉलरनी जास्त असते. नवशिक्या भिंग काढतो. नळी बघतो, मूठ बघतो, स्क्रूच्या खाचा बघतो. काही फरक नाही. शेवटी विक्रेत्याला त्याची दया येते आणि तो टेबलाखालून पुठ्ठ्याचं एक खोकं वर काढतो.

त्या क्षणी तुम्ही छंदात दाखल झालात.

या जगात 'न्यू इन बॉक्स' ही पदवी सगळ्यात वरची. जन्मल्यापासून खोक्यात, गोळी म्हणून झाडलेली नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री नुसती फिरवली तरी तिच्या अंगावर एक बारीक रेष उमटते, आणि दर्दी माणूस आधी ती रेष शोधतो. म्हणजे चालवायचं नाही, फिरवायचंही नाही, शक्यतो हात लावायचा नाही. असल्या हत्याराला इथे तिजोरीची राणी म्हणतात. मला मात्र आमच्या आजीचा शालू आठवतो. लग्नात एकदा नेसली. नंतर साठ वर्षं तो मलमलीत गुंडाळून ट्रंकेत आणि वर्षातून एकदा उन्हात. घडीवरच विरला, पण आजीच्या लेखी नवाच होता.

किंमत खोक्याला का येते, हे एकदा नीट समजून घ्या, कारण सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. 1955 साली कोल्टने पायथन नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. ज्याने ते घेतलं त्याने रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवलं आणि खोक्यात खिळे भरले, किंवा पोराने त्याची आगगाडी केली, किंवा ते सरळ शेकोटीत गेलं. हे अगदी शहाण्या माणसाचं वागणं. अशा हजारो शहाण्यांमुळे एखाद्या वेड्याने ठेवलेलं खोकं दुर्मीळ झालं. पायथनचं रिकामं खोकं आज शंभर-दोनशे डॉलरला सहज जातं.

आता याची उलट बाजू बघा. 1964 पासून विंचेस्टरने स्मारक रायफली काढायला सुरुवात केली. आधी वायोमिंग राज्याच्या पंचाहत्तरीची, मग 1966 मध्ये खुद्द कंपनीच्या शताब्दीची, मग बफेलो बिलची, 1981 मध्ये जॉन वेनची. घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ही जपून ठेवायची वस्तू आहे. शताब्दीची रायफल लाखावर खपली आणि बहुतेकांनी ती खोक्यासकट, पुठ्ठ्याच्या बाहेरच्या आवरणासकट, पलंगाखाली सरकवली. पोरांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल म्हणून. झालं काय, तर आज विकायला काढावी तर समोरच्याच्या पलंगाखालीही तीच. भाव काही चढत नाही. म्हणून नवशिक्याने पक्कं लक्षात ठेवावं: सगळ्यांनी जपलेली वस्तू जपण्यात अर्थ नाही. बाकीच्यांनी टाकलेली जपावी. ती कोणती, हे चाळीस वर्षांनी कळतं.

इथे एक खुलासा करायलाच हवा, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझ्याकडे एकही बंदूक नाही. न्यूटाऊन आमच्यापासून तासाभरावर आहे. 14 डिसेंबर 2012 ला तिथल्या सँडी हुक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. मुलं पहिलीतली. माझी मुलगी त्या वर्षी पहिलीत होती. घरात बंदूक आणायची नाही हे त्या संध्याकाळी ठरलं, आणि ठरवायला आम्हाला बोलावंही लागलं नाही. खोकी त्यानंतर आली. खोक्याला परवाना लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, कुलूप लागत नाही. त्यातून कधी चुकून काही सुटत नाही.

तर, साहित्य. आम्लरहित पातळ कागद. मऊ पेन्सिल. सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या, पर्सच्या खोक्यांतून मिळतात तशा, पण ताज्या. हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र. खोक्याला वरून घालायला स्वच्छ पॉलिस्टरचं पारदर्शक आवरण. हातमोजे. साहित्यात काय नसावं, ते त्याहून महत्त्वाचं. सेलोटेप नसावी. फाटलेला कोपरा दिसला की आपल्या हाताला सेलोटेपच आठवते, पण दहा वर्षांत ती पिवळी पडते, सुकून गळते आणि जाताना लेबलाचा वरचा थर घेऊन जाते. रबर बँड नसावा. तो आधी चिकट होतो, मग ठिसूळ होतो, आणि दोन्ही अवस्थांत पुठ्ठ्याला धरून ठेवतो. आणि डांबराच्या गोळ्या अजिबात नसाव्यात. कपड्यांच्या कपाटात त्या ठीक, पण सत्तरच्या दशकात कोल्टची खोकी वरून लाकडासारखी छापलेली आणि आत थर्माकोलचा साचा अशी यायची, आणि डांबरगोळीच्या वाफेने थर्माकोल मऊ पडतो. पेट्रोलच्या बोळ्याने साचा पुसायला जाल तर तो डोळ्यांदेखत विरघळेल. हे मी बघितलंय. कुणाचं खोकं होतं ते सांगत नाही.

कृतीतला पहिला आणि सगळ्यात मोठा नियम ऐकून नवशिक्या नेहमी हसतो. रिव्हॉल्व्हर कधीही मूळ खोक्यात ठेवू नये.

हसण्यासारखं त्यात काही नाही. पुठ्ठा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि पोलादाला देतो. जुन्या स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल असतं, तेही देतो. पोलाद त्याच्या बदल्यात पुठ्ठ्याला तेल देतं. वीस वर्षांनी पाहावं तर एकाला गंज आणि दुसऱ्याला डाग. चामड्याच्या म्यानात ठेवणं तर याहून वाईट. कातडं कमावतानाची रसायनं धातूला खातात, आणि चामडी पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा कीट चढतो. कारखान्यातून हत्यार तपकिरी कागदात गुंडाळून येई. त्या कागदाला गंजविरोधी औषध लावलेलं असे, हळूहळू वाफ होऊन धातूवर बसणारं. ते औषध काही वर्षांतच उडून जातं. कागद तेवढा जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. थोडक्यात, हत्यार तेलाचा हात देऊन तिजोरीत, खोकं दुसऱ्या खोलीत. ज्याला सांभाळायला खोकं जन्माला आलं त्याच्यापासूनच त्याला सांभाळायचं. काही घरांत सासूसुनांचंही असंच असतं. दोघी वेगवेगळ्या गावी राहिल्या तर दोघींची तब्येत उत्तम.

मला तिजोरीची भानगड नाही, पण खोक्यांची आहेच. माळ्यावर ठेवावीत तर इथल्या माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. तळघर थंड, पण पावसाळी हवेत भिंतींना घाम फुटतो. कागदाला साधारण 50 टक्के दमटपणा मानवतो. त्याहून फार वर गेला तर बुरशी येते, फार खाली गेला तर घड्यांवर पुठ्ठा तडकतो. म्हणून उन्हाळ्यात मी तळघरात पाणी शोषणारं यंत्र चालवतो आणि हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी हवा पार कोरडी करते तेव्हा पाणी सोडणारं यंत्र. बायको एकदा वीजबिल हातात घेऊन खाली आली, सतरा खोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ज्यात काही नाही ते ठेवायला अजून किती खर्च येणार आहे रे?" प्रश्न रास्त आहे. खोकी जमिनीवर ठेवू नयेत, भिंतीला टेकवू नयेत, एकावर एक रचू नयेत. कसर आधी लेबलाची खळ खाते, मग लेबल, म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन फेरी मारावी.

आता लेबल. खरं तर सगळा लेख लेबलावरच लिहायला हवा होता. खोक्याच्या आखूड बाजूवर एक छोटा कागद असतो. त्यावर मॉडेल, नळीची लांबी, रंगाची जात आणि बऱ्याचदा हत्याराचा क्रमांकही. तो क्रमांक हत्यारावरच्या क्रमांकाशी जुळला तर ते दोघं एकमेकांचे. नाही जुळला तर विक्रेता गोड आवाजात सांगतो, "खोकं त्याच काळातलं आहे." म्हणजे लग्न झालंय, पण पत्रिका बघितलेली नाही. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या खोक्यांची आणखी एक खोड होती: क्रमांक पुष्कळदा तळाला, जाड मेणचट पेन्सिलीने, कारखान्यातल्या कुणीतरी घाईत खरडलेला असे. दिसायला तो अगदी मळाच्या रेघोट्यांसारखा.

माझं पहिलं खोकं मी घरी आणलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी ते मराठी माणसासारखं आधी स्वच्छ केलं. फडकं, कोमट पाणी, थेंबभर साबण. तळ लख्ख निघाला. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जाणकाराला मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलं. त्याने खोकं उलटं केलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. मग इतकंच म्हणाला, "यंग मॅन, किती स्वच्छ आहे!" मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होतो. इतक्या सभ्य शब्दांत इतकं वाईट मला कुणी बोललेलं नाही.

खोक्याच्या पोटात काय काय हवं, याचीही यादी असते: माहितीपत्रक, हमीपत्र, आणि स्मिथ अँड वेसन असेल तर नळी साफ करायची सळई, ब्रश आणि नेम जुळवायचा इवलासा पेचकस. तो पेचकस हरवलेला नसेल असं खोकं मिळणं म्हणजे शिवणाच्या मशीनच्या डबीत मूळची तेलाची कुपी सापडणं. यावर जास्त लिहीत नाही.

खोट्याचं मात्र लिहितो. नक्कल केलेली खोकी उघडपणे नक्कल म्हणून विकतात, त्यात गैर काही नाही. ती कॉफीच्या पाण्यात बुडवून, कोपरे घासून दुसऱ्या टेबलावर पोचतात तेव्हा भानगड होते. नवशिक्याने तीन गोष्टी पाहाव्यात. एक, पत्ता. अमेरिकेत झिप कोड आला 1963 च्या जुलैत. त्याआधीचं म्हणून विकत असलेल्या खोक्यावर पाच आकडी झिप असेल तर नमस्कार करून पुढे जावं. (आपला पिन कोड 15 ऑगस्ट 1972 चा, आणि तो बसवणारे डाक खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातले कवी. असे छंद असलेली माणसंच आकड्यांना शिस्त लावतात.) दोन, बारकोड. दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला तो जून 1974 मध्ये, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावर. साठ सालच्या खोक्यावर काळ्या रेघा असतील तर त्या नंतर कुणीतरी ओढलेल्या. तीन, जांभळी (अतिनील) बॅटरी. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण 1950 नंतर सर्रास झाली. त्या प्रकाशात असा कागद निळसर चमकतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं म्हणून घेतलेलं खोकं अंधारात गणपतीच्या मखरासारखं उजळलं, की समजावं.

चौथी गोष्ट पुस्तकात नाही. जाणकार खोकं हुंगतात. झाकण उचलतात, डोळे मिटतात आणि नाक आत घालतात. जुनं तेल, पुठ्ठा, तळघर यांचा मिळून एक वास असतो. आमचे म्हातारबुवा नुसत्या वासावरून दशक सांगतात, आणि त्यांना अडवायची कुणाची छाती नाही.

वर्षातून एकदा सगळी खोकी बाहेर काढून तपासणी करावी, असं इथली माणसं सांगतात, पण तारीख ठरवून देत नाहीत, म्हणून राहून जातं. मी खंडेनवमी धरली आहे. गावाकडे त्या दिवशी तलवारी, भाले, निदान विळी-कोयता तरी पुसून पुजायची रीत. मी खोकी पाटावर मांडतो. जुन्या सिलिका पुड्या काढून ताज्या घालतो, मऊ ब्रशने धूळ झाडतो आणि कुठल्या खोक्याचा कुठला कोपरा कितपत गेलाय, हे वहीत पेन्सिलीने लिहितो. हळदकुंकू वाहत नाही. डाग पडतो. झेंडूचं फूल शेजारी ठेवतो, अंतर राखून.

दोन वर्षांपूर्वी आई सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आली. खोकी सांभाळण्यात तिचा अधिकार माझ्याहून मोठा. आमच्या घरच्या माळ्यावर पहिल्या टीव्हीचं थर्माकोलसकट खोकं अजून आहे. टीव्ही गेला, टीव्हीची कंपनी गेली, पण "दुरुस्तीला पाठवायचा झाला तर?" हा तिचा मुद्दा अजून कुणाला खोडता आलेला नाही. तळघर पाहून तिला भरून आलं. नातवंडांपुढे म्हणाली, "शेवटी आईवर गेला."

पण तिच्या आणि माझ्या पंथात एक मतभेद आहे, तो मी विसरलो. तिच्या मते खोकं ठेवायचं ते काहीतरी ठेवायला. ती परत गेल्यावर नवमीला पाहणी करताना माझं सगळ्यात चांगलं खोकं, 1970 च्या दशकातलं, वरून लाकडी छपाईचं, जरा जड लागलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धा किलो सोलापुरी शेंगाचटणी. मला मागाहून सापडावी, म्हणून लाडाने ठेवलेली. फोन केला तर म्हणाली, "अरे, एवढं घट्ट झाकणाचं खोकं, मुंगी शिरणार नाही. म्हटलं, रिकामंच तर पडलंय." पिशवीला एका कोपऱ्यात सुईएवढं भोक होतं. शेंगदाण्याचं तेल थर्माकोलवरून ओघळून पुठ्ठ्यात शिरलं होतं आणि तळाला रुपयाएवढा, कडेने सोनेरी, अतिशय देखणा डाग पडला होता.

चटणी खाल्ली. खोकं प्रदर्शनात न्यायचं ठरवलं. डाग पडलेलं म्हणून, कमी भावात, सगळं सांगून. पण म्हातारबुवा आधीच टेबलाशी येऊन पोचले होते. त्यांनी डाग पाहिला, मान हलवली, "गन ऑइल" म्हणाले, झाकण उचललं, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. बराच वेळ तसेच राहिले. मागे चारपाच जण थांबले होते, निकाल ऐकायला. शेवटी त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोंधळ होता.

"हे तेल कुठलं?" त्यांनी विचारलं. "लसणाचा वास येतोय."

"सोलापूर," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून वही काढली आणि स्पेलिंग विचारलं.